हापूसच्या कोयीत हापूस नसतो

मे संपत आला की हा प्रश्न हमखास येतो. पेटीतला सगळ्यात देखणा आंबा खाऊन झालेला असतो, कोय धुऊन सावलीत सुकवलेली असते आणि विचारायचं एवढंच असतं की कुंडीत लावू की गावी नेऊन जमिनीत? हापूसच येईल ना? मी नाही म्हटलं की समोरचा माझ्याकडे असा बघतो, जणू आंबा मीच नासवला. मग ठेवणीतलं वाक्य येतं : "कलमं काय हो, माणसानं बनवलेली. अस्सल हापूस कोयीचाच!"

नेमकं उलटं आहे. अस्सल हापूस कलमाचाच. कोयीतून उगवतं ते हापूसचं पोर, आणि पोर बापावर जातंच असं नाही.

कोय म्हणजे बी, आणि बी लैंगिक प्रजननातून तयार होतं. मोहरातल्या फुलावर माश्या परागकण आणून टाकतात, पुष्कळदा शेजारच्या भलत्याच झाडाचे. आंब्याच्या पेशीत 40 गुणसूत्रं, म्हणजे 20 जोड्या असतात. अंडपेशी बनताना प्रत्येक जोडीतलं एकच उचललं जातं. कुठलं, ते नशिबावर. 20 जोड्यांतून एकेक उचलण्याच्या रीती होतात 10,48,576. परागकणाच्या बाजूनेही तेवढ्याच. शिवाय जोडीतली दोघं आधी आपापसांत तुकडे बदलून घेतात, ते वेगळंच. हापूसचा वास, केशरी गर, पातळ साल ही ज्या जुळणीची करामत, ती एवढ्या पिसणीतून जशीच्या तशी हाती येईल ही आशा म्हणजे पत्ते पिसून पुन्हा तोच हात वाटला जाण्याची आशा.

कोकणात हे ज्ञान भाषेतच मुरलेलं आहे. कोयीपासून आपोआप वाढलेल्या झाडाला 'रायवळ' म्हणतात, आणि रायवळाच्या एकेका झाडाला वेगळं नाव असतं : हा खोबऱ्या, तो शेप्या, बांधावरचा तो गोटी. प्रत्येकाची चव निराळी, म्हणून प्रत्येकाला नाव. हापूसच्या बागेत असं बारसं कोणी करत नाही, कारण तिथलं प्रत्येक झाड एकाच झाडाची फांदी आहे.

शब्दशः फांदी. जून-जुलैत रुजलेल्या कोयीचं कोवळं, तांबूस पानांचं रोप छाटायचं, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि पट्टीने आवळायचं, हे झालं कोय कलम. खालची मुळं रायवळाची, वरचा सगळा विस्तार हापूसचा. दोघांची ऊती जुळते, पाणी वर चढतं, अन्न खाली उतरतं. गुणसूत्रांची सरमिसळ मात्र होत नाही. हेच अलैंगिक प्रजनन. पोर्तुगीजांच्या काळापासून, अफोन्सो द अल्बुकर्कच्या नावाने ओळखली जाणारी ही जात टिकली ती कोयीतून एकदाही न गेल्यामुळे. काडीवरून काडी, एवढाच तिचा वंश.

"पण आमचं कलम पुढे रायवळ झालं, त्याचं काय?" जात बदलली नाही. वरची काडी मेली आणि जोडाच्या खालून फुटवा आला, तोच तुम्ही प्रेमाने वाढवलात. जोडाखालचा फुटवा दिसला की खुडायचा असतो.

शेजारी रायवळ असला की हापूसची चव बिघडते, हेही ऐकतो. गर हा आईच्या फुलातल्या अंडाशयाचा भाग असतो. बाहेरचा पराग बदलतो तो कोयीतला गर्भ, जो आपण खात नाही.

आता एक कबुली. बी म्हटलं की लैंगिक, हा नियमही शंभर टक्के खरा नाही. केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यावर ओलूर, बप्पकाई अशा जाती आहेत, ज्यांच्या एका कोयीतून अनेक रोपं फुटतात आणि त्यांतली बहुतेक आईच्याच पेशींपासून, परागाचा अंश न घेता बनलेली असतात. विदर्भातले संत्र्याचे रोपवाटिकावाले हेच गुपित वापरतात. खुंटासाठी ते जंबेरीच्या बिया पेरतात, आणि रोपं बहुतांशी एकसारखी येतात. हापूस या पंगतीतला नाही. त्याच्या कोयीत गर्भ एकच, तोही संकराचा. त्यामुळे ओलूरचा दाखला देऊन माझ्याशी वाद घालू नये.

कलमं करत राहिलो तर जात कमजोर होते, ही तक्रार अर्धी खरी आहे. झाड थकत नाही, पण सगळी एकसारखी असल्यामुळे दोषही सगळ्यांत एकच. हापूसचा साका घ्या. बाहेरून फळ झकास, कापलं की आत पांढुरका, आंबूस, स्पंजासारखा गर. कितीही कलमं बांधा, ही खोड बरोबर येणारच. म्हणून कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसचा संकर करून 1981 साली 'रत्ना' आणला, ज्यात साका नाही. म्हणजे नवं काही हवं असलं की पत्ते पिसावेच लागतात, आणि मनासारखा हात आला की तो कलमाने जपायचा. रत्नाचीही आता कलमंच लावतात.

बाकीचे गैरसमज पटकन उरकतो. लैंगिक प्रजननाला दोन जीव लागतातच असं नाही. वाटाण्याचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, तरी ते लैंगिकच, कारण पिसणी झालेली असते. अलैंगिक प्रजनन फक्त जिवाणूंचं आणि बुरशीचं, हेही चूक. इंग्लंडमधल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयात एका कोमोडो मादीने नराशिवाय अंडी फळवली, आणि 2006 साली 'नेचर'मध्ये ते छापून आलं. लांडोर मोराचे अश्रू पिऊन गर्भार राहते, असं 2017 साली राजस्थान उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीही सांगितलं होतं. मोर-लांडोर इतर पक्ष्यांसारखंच मीलन करतात.

आणि कोयीसाठी कुंडी उकरताना खुरप्याखाली गांडूळ तुटलं, तर त्याची दोन गांडुळं होत नाहीत. फार तर डोक्याकडचा भाग जगतो. गांडूळ उभयलिंगी असलं तरी साधारणपणे त्यालाही जोडीदार लागतो. खुरपं जरा जपून चालवा.