आधी आपला हात मागे घ्या

बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या बास्केटबॉल संघाची गोष्ट सांगणाऱ्या 'सितारे जमीन पर'ने २०२५च्या जूनमध्ये थिएटरं भरली, ऑगस्टमध्ये तो शंभर रुपयांत यूट्यूबवरून घरोघरी पोचला, आणि त्यातल्या दहा नवोदित कलाकारांचं भरपूर कौतुक झालं. कौतुक रास्तच आहे. पण त्यातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. संघातल्या गुड्डूला पाण्याची भीती वाटते, तो आंघोळ करत नाही. प्रशिक्षक युक्ती लढवतो आणि भीती पळून जाते. सामन्यांना अख्खा चित्रपट, आंघोळीला एक प्रसंग! बौद्धिक किंवा विकासात्मक अक्षमता असलेलं माणूस ज्या घरात आहे, तिथे हिशेब नेमका उलटा असतो. सामना वर्षातून एखादा, आंघोळ रोज.

आपल्या मराठी पडद्यालाही हा विषय नवा नाही. 'चौकट राजा'तल्या नंदूने १९९१मध्ये आपल्याला रडवलं. डाउन सिंड्रोम असलेल्या पुण्याच्या जलतरणपटू गौरी गाडगीळने २०१४च्या 'यलो'मध्ये टाळ्या घेतल्या. रडणं आणि टाळ्या या दोन्हींत आपण तयार आहोत. प्रश्न आहे तो सकाळी सात ते नऊचा.

सात ते नऊ

त्या दोन तासांत काय होतं ते कुठल्याही अशा घरात विचारा. रिक्षा यायची असते, डबा भरायचा असतो, नवऱ्याला लोकल गाठायची असते. त्यामुळे ब्रशवर पेस्ट आई लावते आणि दातांवरून ब्रशही तीच फिरवते. अंगावर पाणी ती ओतते, बटणं ती लावते. हे प्रेमाने होतं आणि घाईनेही. अशी दहा-बारा वर्षं गेली की मूल एक गोष्ट पक्की शिकतं: हात वर केले की शर्ट आपोआप अंगात येतो. मग आपण म्हणतो, 'त्याला नाही हो जमत.'

विशेष शाळेतल्या ताई याला 'एडीएल' म्हणतात, म्हणजे रोजची स्वतःची कामं. शाळेत ती शिकवली जातात, आणि मूल घरी आलं की पुन्हा आईच्या हातात जातं. ज्ञान कमी आहे म्हणून हे होतं असं नाही. शिवडीची जय वकील शाळा १९४४ची, पुण्याची कामायनी साठच्या दशकातली. काय करायचं ते आपल्याकडे माहीत आहे. किती करायचं नाही, ते मात्र घराघरांत पोचलेलं नाही.

ब्रेक जोडणारी माणसं

याबाबत सगळ्यात थेट बोललेला माणूस, माझ्या मते, अमेरिकेतला मार्क गोल्ड. लॉस एंजेलिसमध्ये विशेष शिक्षक म्हणून त्यांनी सुरुवात केली, पुढे इलिनॉय विद्यापीठात संशोधन केलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एक प्रयोग केला. दिव्यांगांसाठीच्या संरक्षित कार्यशाळांत काम करणारी, मध्यम आणि तीव्र अक्षमता असलेली माणसं त्यांनी निवडली. बुद्ध्यांकाचे कागद पाहून ज्यांच्यावर फुली मारली जायची, अशी ही माणसं. त्यांना सायकलचा पंधरा सुट्या भागांचा ब्रेक जोडायला शिकवलं. त्यातले जवळजवळ सगळे शिकले. मग चोवीस भागांचा ब्रेक दिला, तोही जमला.

युक्ती काय होती? एक तर, काम त्यांनी अगदी बारीक तुकड्यांत फोडलं. दुसरं, सुटा भाग ठेवताना त्याची जी बाजू शिकणाऱ्याकडे असायला हवी, तिच्यावर त्यांनी रंग दिला. रंगावर हात बसला की बिनरंगी भागांवरही काम चालू राहिलं. तिसरी युक्ती आपल्याला सगळ्यात जड जाईल अशी आहे. गोल्ड बोलत नसत. शेजारी बसायचे, गरज पडली तर हाताला हात लावायचे, चूक झाली तर एवढंच म्हणायचे: दुसऱ्या पद्धतीने करून बघ. 'शाब्बास'सुद्धा नाही. मी गप्प आहे म्हणजे तुझं बरोबर चाललंय, हा त्यांचा नियम.

आता आपल्या घरात डोकावा. मूल बूट घालत असतं आणि तीन तोंडं एकदम चालू असतात. 'अरे तो नाही, दुसरा पाय... इकडे बघ... नाडी ओढ... असं काय करतोस?' ज्याला एकावेळी एकच सूचना पचते, त्याच्यावर सहा सूचना कोसळतात. त्याचा हात थांबतो, आपला पुढे जातो. गोल्डचं म्हणणं असं की शिकणाऱ्याचं लक्ष आपल्या चेहऱ्यावर नको, हातातल्या कामावर हवं. आपण बोललो की ते चेहऱ्याकडे वळतं.

त्यांचा दुसरा मुद्दा याहून टोकदार होता. माणूस जितका कामाचा, तितकं त्याचं वेगळेपण लोक खपवून घेतात. विसराळू प्राध्यापकाने दोन रंगांचे मोजे घातले तर आपण कौतुकाने हसतो. त्याच मोज्यांवरून दुसऱ्या कुणाला नावं ठेवतो. म्हणून वेगळेपण पुसत बसू नका, कौशल्य वाढवा. आणि माणूस किती पुढे जाईल हे त्याच्या मेंदूपेक्षा आपण शिकवण्यावर किती ताकद लावायला तयार आहोत यावर ठरतं, असं ते ठामपणे मांडत. १९८२मध्ये ते ऐन उमेदीत गेले.

गोल्ड यांचा हा शेवटचा दावा मला थोडा ताणलेला वाटतो. काही जणांना आयुष्यभर भरपूर आधार लागतोच, आणि तो लागणं म्हणजे कुणाचा पराभव नव्हे. शिवाय गप्प बसून शिकवायला वेळ आणि धीर असलेलं माणूस लागतं. दहा बाय दहाच्या खोलीत, सामायिक नळावर, दोन घरची धुणीभांडी करून आलेल्या आईकडे तो कुठून येणार? तरीही त्यांचं सूत्र मोडीत निघत नाही. रोज पाच कामं शिकवता येत नसतील तर वर्षभर एकच शिकवा, पण ते काम पूर्ण त्याचं होऊ द्या.

बटण, चहा, नोटा

सुरुवात शेवटापासून करायची. शर्टाला पाच बटणं असतील तर चार आईने लावावीत आणि एक, डोळ्यांना नीट दिसणारं, त्याच्यासाठी ठेवावं. काम संपवण्याचा मान रोज त्याचा. ते जमलं की तीन आईची, दोन त्याची. असं करत एक दिवस आईच्या वाट्याला बटणच उरत नाही. पहिल्या पायरीपासून सुरू केलं तर तो रोज अर्ध्यावर अडकतो, आणि अपयशानेच दिवस उगवतो.

चहाचंही तेच. आपल्याला वाटतं, चहा म्हणजे एक काम. लिहून काढा, वीस-बावीस पायऱ्या निघतात. त्यातली अडचणीची पायरी बहुधा एकच असते, गॅस पेटवणं. तिथे शिकवण बदलण्यापेक्षा शेगडी बदलावी. इंडक्शनवर ज्वाला नाही, लायटर नाही, आणि हव्या त्या बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका देता येतो. पाणी मोजायला तोच एक कप. ओट्याच्या भिंतीवर त्याच्याच हातांचे फोटो क्रमाने चिकटवलेले. महागड्या ॲपवाल्यांची माझ्याशी बरीच वादावादी होईल, पण प्लास्टिकमध्ये बंद केलेली फोटोंची ती पट्टी चार्जिंग मागत नाही आणि ओल्या हातांनाही चालते.

पैशांचं मात्र आपल्याकडे अवघड. दहाची नोट चॉकलेटी, वीसची हिरवट पिवळी, पन्नासची निळी, शंभरची जांभळट. रंगांवरून ओळख सोपी झाली असती, पण जुन्या नोटाही अजून फिरतात. वजाबाकी शिकवण्यात वर्षं घालवण्यापेक्षा विशेष शिक्षक 'एक नोट जास्त' ही पद्धत वापरतात. पाकिटात फक्त दहा-दहाच्या नोटा. दुकानदार 'चौतीस' म्हणाला की तीन मोजायच्या, वर एक द्यायची, उरलेले घ्यायचे. गणित एवढंच. यूपीआयने हेही सोपं केलं आणि धोका वाढवला. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने २०२४मध्ये 'यूपीआय सर्कल' आणलं. त्यात आपल्या खात्यातून दुसऱ्याला ठरावीक मर्यादेत खर्च करू देता येतो. ही सोय अशा माणसांसाठी काढलेली नाही, पण त्यांना चपखल बसते. पालक संघटनांनी ती उचलून धरायला हवी.

हे करताना चहा सांडेल, कधी बोट भाजेल, दहाच्या जागी पन्नास जातील. अमेरिकेतल्या रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२मध्येच लिहून ठेवलं होतं की धोका पत्करू देणं हाही माणसाचा मान राखणंच आहे. आपण आपल्या धडधाकट मुलांना सायकल शिकवताना गुडघे फुटू देतोच की.

शिकवलं नाही तर काय होतं

शिकवण्याऐवजी सोय पाहिली तर गोष्ट कुठवर जाते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. फेब्रुवारी १९९४मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद स्त्रियांची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण पाळीतल्या स्वच्छतेचं दिलं गेलं. स्त्री संघटनांनी आवाज उठवला तेव्हा शस्त्रक्रिया थांबल्या. तेव्हा सुशिक्षित घरांतूनही 'त्यात काय चुकलं' असं विचारलं गेलं होतं, आणि आजही कुजबुजीत विचारलं जातं.

पॅड बदलणं शिकवता येतं. चड्डीवर मार्करने पॅडची बाह्यरेषा काढायची, बाहुलीवर सराव घ्यायचा, आणि 'खराब झालं की बदल' असं सांगण्याऐवजी 'जेवणानंतर बदल' असं वेळेला बांधून द्यायचं. सगळ्याच मुली हे एकट्याने करू शकतील असं नाही. पण शिकवायचा प्रयत्नही न करता पोट फाडणं याला सोय म्हणायचं असेल, तर ती कुणाची सोय, एवढं तरी प्रामाणिकपणे सांगावं.

सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये सुचिता श्रीवास्तव खटल्यात याच्या जवळचाच प्रश्न सोडवला. चंदीगडच्या नारी निकेतनमधली, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेली एक स्त्री अत्याचारातून गरोदर राहिली होती आणि तिला मूल हवं होतं. तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. अक्षमता आहे म्हणून इच्छा नाही, असं धरून चालता येणार नाही, हा त्या निकालाचा अर्थ.

टक्के नकोत, यादी हवी

कायदाही आता त्याच दिशेला आहे. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला २००७मध्ये मान्यता दिली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अक्षमता असलेल्यांना इतरांइतकीच कायदेशीर क्षमता असल्याचं मान्य केलं आणि पालकत्व शक्यतो मर्यादित ठेवलं, म्हणजे एखाद्या विशिष्ट निर्णयापुरतं, त्या व्यक्तीशी बोलून. दुसरीकडे १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा अजून आपल्या जागी आहे, त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालक नेमला जातो, आणि बँकेच्या खिडकीवर अनेकदा तोच कागद मागितला जातो. घरी चहा करणारा मुलगा बँकेत कागदाशिवाय कुणीच नसतो.

याच्या मुळाशी आपलं टक्क्यांचं वेड आहे. अक्षमता सौम्य असेल तर ५० टक्के, मध्यम असेल तर ७५ टक्के, अशी मोजदाद आपण दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर वर्षानुवर्षे करत आलो. बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रातल्या अमेरिकी संघटनेने १९९२मध्येच प्रश्न फिरवला: या माणसात उणीव किती, हे विचारू नका, त्याला कुठे, कधी आणि किती आधार लागतो ते लिहा. ७५ टक्क्यांच्या दाखल्यावरून कुणालाच कळत नाही की हा मुलगा बसने एकटा जाऊ शकतो, फक्त बस रद्द झाली तर त्याला फोन लावून देणारं कुणी हवं. सवलतींसाठी टक्के लागत असतील तर ठेवा. पण २०११च्या जनगणनेत बौद्धिक अक्षमतेच्या रकान्यात देशभरात सुमारे १५ लाख माणसं मोजली गेली. त्यातल्या कुणाला नेमका कोणता आधार हवा, याची यादी कुठल्याच सरकारी कपाटात नाही. महाराष्ट्राने २०२२मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. त्या विभागाने दाखल्यासोबत ही यादी जोडली, आणि त्या यादीतला आधार देण्यासाठी शाळा संपलेल्या अठरा वर्षांवरच्यांकडे प्रशिक्षक पाठवले, तर पाट्या बदलण्यापेक्षा ते मोठं काम ठरेल.

कामाच्या जागीही तेच. दिवाळीत पणत्या आणि श्रावणात राख्या दयेने विकत घेणं पुरे. जुहूच्या 'अर्पण'सारख्या कॅफेंनी आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आवारापर्यंत पोचलेल्या 'मिट्टी कॅफे'ने दाखवलंय की काम नीट फोडून दिलं, तर ही माणसं पगार कमावतात. अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असणं, हे त्यांचं नाही, आपलं अपयश आहे.

प्रत्येक आईबापाच्या पोटात एकच प्रश्न असतो: आमच्या मागे याचं काय? त्याचं उत्तर निवासी संस्थेच्या प्रतीक्षायादीत शोधण्याआधी सकाळच्या सात ते नऊमध्ये शोधावं लागतं, आणि ते एकट्या आईचं काम नाही. तुम्ही किराणा दुकानदार असाल, बसचे वाहक असाल, बँकेत खिडकीवर बसत असाल, शेजारी राहत असाल, तर एवढं करा: प्रश्न त्याच्या आईला न विचारता त्याला विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर गप्प उभे राहा.