‘लाईन बंद आहे’ म्हणजे नक्की काय? खांबावर चढण्याआधीचा अभ्यास

(कर्जत-खालापूर परिसरातील वायरमन आणि इलेक्ट्रिशियन ट्रेडचे शिकाऊ उमेदवार, त्यांचे पालक आणि नागरिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचं बोलणं मुख्यतः पुढच्या रांगेत बसलेल्या मुलांशी आहे. पालक आले, फार बरं झालं. शेवटी तुमच्याही कामाच्या दोन गोष्टी आहेत.

आपला हा भाग विजेच्या बाबतीत जुना आहे. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झालं आणि घाटावरच्या तलावांच्या पाण्यातून तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना जाऊ लागली. 1922 मध्ये आपल्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र आलं. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ आपल्या डोक्यावरून तारा जाताहेत. आज तुमच्यापैकी कुणी महावितरणकडे अप्रेंटिस आहे, कुणी ठेकेदाराकडे, कुणी उद्या विद्युत सहाय्यक होईल. काम तेच. पावसात लाईन गेली, खांबावर चढा, जोडा.

नवीन मुलाला वाटतं, या कामात धोका उंचीचा आहे. उंचीचा धोका आहेच, त्याच्याकडे नंतर येतो. पण खांबावर चढलेला माणूस बऱ्याचदा आधी शॉक लागतो आणि मग पडतो. आणि शॉक लागण्याआधी त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं, ‘चढ, लाईन बंद आहे.’ म्हणून आज या एका वाक्याची चिरफाड करू.

किती करंट पुरतो?

घरातला साधा फ्यूज पाच अँपियरचा धरा. पाच अँपियर म्हणजे पाच हजार मिलिअँपियर. माणसाच्या अंगातून दहा-वीस मिलिअँपियर गेले, तरी हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडवत नाही. 50 ते 100 मिलिअँपियरमध्ये हृदयाची लय बिघडू शकते. आता हिशेब करा. घामाने किंवा पावसाने भिजलेल्या शरीराचा विरोध साधारण एक हजार ओहम धरू. 230 भागिले 1000, म्हणजे 230 मिलिअँपियर. फ्यूजला याचा पत्ताही लागत नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नसतो. तेव्हा ‘एलटीच तर आहे, 230 तर आहे’ हे बोलणं डोक्यातून काढून टाका.

बंद लाईन जिवंत कशी होते?

समजा सबस्टेशनमधून फीडर बंद केला. तरीही तुमच्या हातातली तार जिवंत होण्याचे किमान चार रस्ते आहेत.

पहिला, चुकीचा फीडर. एकाच खांबावर दोन लाईन असतात, काही ठिकाणी एक लाईन दुसरीला ओलांडून जाते. बंद केली एक आणि चढलो दुसरीवर. फोनवर गावाचं नाव सांगून लाईन बंद करून घेतली की हा घोळ होतो. फीडरचं नाव आणि खांबाची जागा, दोन्ही सांगायचं. ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं.

दुसरा, स्ट्रीटलाइटची तार. एलटी खांबावर तीन फेज आणि न्यूट्रलच्या जोडीला रस्त्याच्या दिव्यांची वेगळी तार असू शकते. नुसते तीन फेजचे फ्यूज काढले आणि ही तार राहिली, तर दुपारी ती थंड असते आणि संध्याकाळी टायमर लागला की जिवंत होते. काम लांबलं, अंधार पडायला लागला, तर हा विचार पुन्हा करायचा.

तिसरा, शेजारच्या लाईनचा परिणाम. खालापूर-खोपोली पट्ट्यात मोठ्या दाबाच्या वाहिन्या बऱ्याच आहेत. त्यांना समांतर जाणाऱ्या बंद तारेत इंडक्शनने दाब तयार होतो. शिवाय लांब कुठेतरी वीज पडली तरी तिचा धक्का तारेतून तुमच्यापर्यंत येतो. गडगडाट ऐकू आला की खाली उतरायचं.

चौथा रस्ता आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचा आहे, तो म्हणजे उलटा पुरवठा. कर्जत आणि खालापुरात फार्महाउस किती झाली, तुम्ही बघताच. प्रत्येक ठिकाणी जनरेटर किंवा इन्व्हर्टर. चेंजओव्हर स्विच न बसवता कुणी जनरेटरची वायर थेट घरच्या बोर्डात घातली, तर वीज घरात जाते तशी सर्व्हिस वायरमधून बाहेर खांबावरही येते. तिथून ट्रान्सफॉर्मरला जाते. ट्रान्सफॉर्मरला उलटं-सुलटं कळत नाही. 11 हजारांचे 433 करणारा तोच डबा खालून वीज दिली की वर 11 हजारांच्या आसपास दाब तयार करतो. तिकडे 11 केव्हीची तार जोडणारा मुलगा सबस्टेशनच्या बंदवर विसंबून उभा असतो.

इथे कुणी विचारेल, छोटा जनरेटर सगळ्या गावाचा भार कसा घेईल? बरोबर आहे, बऱ्याचदा तो भाराने दबून बंद पडतो. पण पावसाळ्यात काय होतं? फांदी पडून तार फार्महाउसजवळच तुटते. मागे उरतात दोन-चार घरं. तेवढा भार तो जनरेटर आरामात घेतो. म्हणजे जिथे तार तुटलेली आहे आणि जिथे तुम्ही कामाला जाणार आहात, नेमका तिथेच हा धोका जास्त. छतावरच्या सोलरचा नियमाप्रमाणे बसवलेला ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाईन गेली की आपोआप थांबतो. भीती असते ती घरच्या घरी केलेल्या जोडाजोडीची.

मग बंद कशाला म्हणायचं?

पाच गोष्टी झाल्या की लाईन बंद. चार झाल्या तर ती चालू समजायची.

एक, परमिट. ज्याला अधिकार आहे त्याच्याकडून, लेखी, वेळेसकट. ‘साहेबांना फोन केलाय’ हे परमिट नव्हे. दोन, डोळ्यांना दिसेल असं तोडणं. एबी स्विचची पाती उघडी दिसली पाहिजेत, तिन्हीच्या तिन्ही. एखादं पातं चिकटून राहिलेलं असतं. डीओ फ्यूज खाली लटकलेला दिसला पाहिजे. तीन, कुलूप आणि पाटी. स्विचच्या हँडलला कुलूप, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. चार, चाचणी. घरचा निऑनचा टेस्टर इथे चालत नाही, त्या दाबाचा डिटेक्टरच लागतो. तो आधी चालू लाईनवर तपासायचा, मग कामाच्या तारेवर लावायचा, मग पुन्हा चालू लाईनवर. नाहीतर ‘वीज नाही’ आणि ‘डिटेक्टर बिघडलाय’ यातला फरक कळणार नाही.

पाचवी, अर्थिंग. डिस्चार्ज रॉडने तिन्ही तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडायच्या, काम चालू आहे त्याच्या दोन्ही बाजूंना. दोन्ही बाजूंना का, ते आता तुम्हीच सांगाल: सबस्टेशन एका बाजूला, फार्महाउस दुसऱ्या बाजूला. चुकून कुणी लाईन चार्ज केली, तर थेट शॉर्टसर्किट होऊन सबस्टेशनचा ब्रेकर उडतो किंवा जनरेटर बसतो. क्रम विसरायचा नाही. लावताना आधी जमिनीचं टोक, मग तार. काढताना आधी तार, शेवटी जमीन. उलट केलंत, तर जिवंत तार आणि जमीन यांच्या मधला दुवा तुम्ही स्वतः होता.

खांब वाचायला शिका

आता खांबाकडे येऊ. साधारण नियम असा की खांबाच्या लांबीचा एक षष्ठांश भाग जमिनीत. नऊ मीटरचा खांब असेल तर दीड मीटर खाली, साडेसात वर. पण आपल्याकडचे कितीतरी खांब भाताच्या खाचरात नाहीतर बांधावर उभे आहेत. जून ते सप्टेंबर बुंध्याशी पाणी, माती लोण्यासारखी. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगडात किती खांब आडवे झाले, तुम्ही पाहिलंय. जे पडले ते दिसले. जे हलून उभे राहिले, ते चढणाऱ्यालाच ओळखावे लागतात.

सिमेंटच्या खांबाला बुंध्याशी चीर आहे का, आतली सळई दिसते का, ते बघा. लोखंडी खांब जमिनीलगत, जिथे पाणी साचतं तिथे गंजतो. माती थोडी उकरून बघा. ताण तुटलाय का? त्यावर वेल चढून वरपर्यंत गेलीय का? वर गांधीलमाशांचं पोळं आहे का? हसू नका. सहा मीटरवर गांधीलमाशी चावली की हात सुटतो.

आणि एक गोष्ट नवीन मुलाला कुणी सांगत नाही. कमजोर खांब पुष्कळदा तारांच्या ओढीवर उभा असतो. दोन्हीकडून सारखी ओढ, म्हणून सरळ. तुम्ही वर जाऊन एका बाजूची तार सोडली की तो दुसऱ्या बाजूला जातो, तुम्हाला घेऊन. पट्टा खांबालाच बांधलेला असतो. म्हणून तार सोडायची असेल तर खांबाला आधी तात्पुरता ताण द्यायचा. नसेल देता येत, तर चढायचं नाही.

चढणं आणि वर थांबणं

सहा मीटरवरून माणूस पडला तर जमिनीवर पोचायला सव्वा सेकंदही लागत नाही आणि पोचताना वेग ताशी एकोणचाळीस किलोमीटरच्या आसपास असतो. सावरायला वेळच मिळत नाही.

शिडी लावताना चाराला एक हे प्रमाण. टेकण्याची उंची सहा मीटर तर पायथा खांबापासून दीड मीटर. चिखलात पायाखाली फळी, खाली एक माणूस धरायला, आणि वर पोचल्यावर पहिलं काम म्हणजे शिडी खांबाला बांधणं. अ‍ॅल्युमिनियमची शिडी तारांच्या जवळ आणायचीच नाही. खांबावर शेवाळ असेल, पाऊस चालू असेल, तर थांबायचं.

कमरेचा जुना पट्टा दोन्ही हात मोकळे ठेवायला बरा. पण पडताना सगळा झटका कमरेवर आणि पोटावर येतो. म्हणून पूर्ण अंगाचा हार्नेस, ज्यात झटका मांड्या आणि छाती यांत वाटला जातो. त्याला दोन हुक असलेली दोरी. क्रॉस आर्म ओलांडताना एक हुक काढायचा तो दुसरा लावल्यावरच. आता यातला बारकावा. दोरी पावणेदोन-दोन मीटर, झटका शोषणारा भाग उलगडला की आणखी मीटरभर, खाली लटकणारं शरीर दीड मीटर, वर थोडी सुरक्षित जागा. बेरीज साडेपाच मीटरच्या आसपास जाते. आपल्या एलटी खांबावर पाय सहा मीटरवर असतात. म्हणजे हुक पायाजवळ लावला तर हार्नेस घालूनही जमिनीपर्यंत फार थोडं अंतर उरतं. हुक डोक्याच्या वर, दोरी आखूड.

हत्यारं खिशात घेऊन चढायचं नाही. पाना, पक्कड पिशवीत घालून दोरीने वर ओढायची. रबरी हातमोजे चढण्याआधी तपासायचे: मनगटाकडून गुंडाळून आत हवा कोंडा आणि गालाजवळ धरा. हवा सुटली की मोजा बाद. बाइकच्या डिकीत उन्हात ठेवलेला मोजा दिसायला चांगला, कामाला वाईट. हातमोजा ही शेवटची ढाल आहे, पाच पायऱ्यांच्या बदल्यात चालत नाही.

‘नाही’ म्हणण्याबद्दल

पालक मंडळी, हे तुमच्यासाठी. हातमोजे, रबरी बूट, सेफ्टी बेल्ट, शिडी, अर्थिंगचं साहित्य, हेल्मेट, लाईन टेस्टर पुरवले पाहिजेत, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम सांगतात. अधिकृत न केलेल्या माणसाने चालू लाईनवर काम करायचं नाही आणि करणाऱ्याला मदतही करायची नाही, हेही त्यातच आहे. शिकाऊ उमेदवार कायदा 1961 चा. त्याच्या कलम 16 प्रमाणे प्रशिक्षणातून आणि प्रशिक्षण चालू असताना झालेल्या इजेच्या भरपाईची जबाबदारी मालकावर येते. म्हणून मुलाचा अप्रेंटिसचा करार नोंदलेला आहे का, ते विचारा. कागद घरात ठेवा.

आणि मुलांनो, ‘दोन मिनिटांचं काम आहे, चढ’ असं म्हणणारा माणूस वाईट असतोच असं नाही. त्याच्यावर शंभर घरांचे फोन येत असतात. त्याच्याशी भांडू नका. एवढंच विचारा, ‘दादा, अर्थिंग कुठे लावलंय?’ तो दाखवेल तर चढा. नाही दाखवलं, तर तो स्वतःही वर जाऊ नये, असं बघा.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: वर कुणाला शॉक लागला तर खालच्याने काय करायचं?*

आधी लाईन तोडायची आणि अर्थ करायची. 11 हजारांवर लाकडी काठीचा भरवसा नाही. खाली नेहमी दुसरा माणूस असलाच पाहिजे आणि उतरवण्याची दोरी जागेवर हवी. खाली आणला, श्वास नाही, तर लगेच छाती दाबायला सुरुवात: मिनिटाला 100 ते 120 वेळा, जोरात, न थांबता. दुसऱ्याने 108 ला फोन. हार्नेसमध्ये बेशुद्ध लटकलेला माणूसही काही मिनिटांत खाली आला पाहिजे. नुसतं लटकून राहणंही जीवघेणं ठरू शकतं.

*प्रश्न: आमच्याकडे जनरेटर आहे. आम्ही काय करावं?*

परवानाधारक माणसाकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, म्हणजे एका वेळी एकच बाजू जोडली जाईल. लाईन दुरुस्तीला माणसं आलेली दिसली तर जनरेटर आहे हे त्यांना जाऊन सांगा. तुटलेली तार दिसली तर जवळ जाऊ नका, 1912 ला कळवा.

पावसाळ्याआधी आपापल्या गावात एवढं एक काम करा. कुणाकडे जनरेटर आहे आणि कुणाकडे चेंजओव्हर नाही, याची यादी करून आपल्या भागातल्या लाईनमनच्या हातात द्या. वहीचं एक पान पुरेल.