कंपनीनं जग बंद केलं, तरी खेळ चालूच : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या जुन्या दुनिया कोण सांभाळतं?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ बघितली असेल, तर पहिल्याच भागातला तो सीन आठवत असेल. चार पोरं तळघरात टेबलाभोवती बसलीयेत, फासे टाकतायेत आणि डेमोगॉर्गन आला म्हणून ओरडतायेत. ते जे खेळतायेत ते म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, थोडक्यात ‘डी अँड डी’.

खेळ साधा आहे. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगतो. बाकीचे आपापलं पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतात. डाव जमला की फसला, हे फासे ठरवतात. पण गोष्ट घडणार कुठं? त्यासाठी लागतं एक जग. त्याचे नकाशे, राज्यं, देव, शहरं, जुनी भांडणं, सगळं.

कंपनीनं अशी एकापेक्षा एक जगं बाजारात आणली आणि नंतर त्यातली बरीच वाऱ्यावर सोडली. मग ती जगली कशी? तेच बघू.

एवढी जगं आली कुठून?

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ आणला. कंपनीचं नाव टीएसआर, गाव अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनिव्हा. गायगॅक्स स्वतः ज्या जगात खेळ रंगवायचे, ते ‘ग्रेहॉक’.

मग रांगच लागली. १९८४ मध्ये ‘ड्रॅगनलान्स’ आलं. १९८७ मध्ये एड ग्रीनवुड यांचं ‘फरगॉटन रेल्म्स’. १९८९ मध्ये अंतराळात जहाजं नेणारं ‘स्पेलजॅमर’, १९९० मध्ये भयकथांचं ‘रेव्हनलॉफ्ट’, १९९१ मध्ये जादूमुळं जमीन ओसाड झालेलं वाळवंटी ‘डार्क सन’, १९९४ मध्ये ‘प्लेनस्केप’ आणि १९९५ मध्ये राज्यकारभाराचं ‘बर्थराइट’.

मग माशी कुठं शिंकली?

खेळणारे तेवढेच, जगं मात्र वाढत गेली. ज्याला डार्क सन आवडलं, तो रेव्हनलॉफ्टची पुस्तकं कशाला घेईल? प्रत्येक जगाला स्वतंत्र लेखक, चित्रकार, नकाशे आणि छपाई लागायची. म्हणजे खर्च पूर्ण आणि गिऱ्हाईक वाटलं गेलेलं. कंपनी स्वतःशीच स्पर्धा करत होती.

टीएसआर बुडायला हेच एक कारण नव्हतं. वितरकाकडून न विकलेल्या मालाचे गठ्ठे परत आले आणि कर्जही वाढलं. १९९७ मध्ये ‘मॅजिक : द गॅदरिंग’वाल्या विझर्ड्स ऑफ द कोस्टनं टीएसआर विकत घेतली. १९९९ मध्ये विझर्ड्सच हॅस्ब्रोच्या ताब्यात गेली.

नव्या मालकानं धडा घेतला : जगं मोजकीच ठेवायची. २००० साली तिसरी आवृत्ती आली, तेव्हा भर फरगॉटन रेल्म्सवर राहिला. नंतर २००४ मध्ये ‘एबेरॉन’ हे नवं जग आलं. बाकीच्यांचं काय?

बंद जगांचे तीन रस्ते

पहिला रस्ता म्हणजे भाड्यानं देणं. रेव्हनलॉफ्ट आणि ड्रॅगनलान्सची पुस्तकं काढायचं लायसन्स दुसऱ्या प्रकाशकांना मिळालं. लायसन्स संपलं की पुस्तकंही थांबली.

दुसरा रस्ता, चाहत्यांच्या हवाली करणं. काही जगांसाठी विझर्ड्सनं चाहत्यांच्या वेबसाइटना अधिकृत मान्यता दिली. डार्क सनसाठी ‘अथास डॉट ऑर्ग’, बर्थराइटसाठी ‘बर्थराइट डॉट नेट’. या लोकांनी जुनं जग नव्या नियमांत बसवलं आणि तयार पुस्तकं फुकट वाटली. पगार नाही, मालकी तर नाहीच.

तिसरा रस्ता, जुनी पुस्तकं पीडीएफमध्ये विकणं. इथं एक झटका बसला. एप्रिल २००९ मध्ये पायरसीचं कारण देऊन विझर्ड्सनं सगळ्या पीडीएफची विक्री एकदम थांबवली. आधीच छपाई बंद, त्यात हाही दरवाजा बंद. जुनं पुस्तक पैसे मोजून घ्यायची तयारी असली, तरी ते सेकंडहँड बाजारातच शोधावं लागायचं. २०१३ मध्ये विक्री परत सुरू झाली.

२०१६ नंतर काय बदललं?

जानेवारी २०१६ मध्ये ‘डीएम्स गिल्ड’ ही ऑनलाइन बाजारपेठ सुरू झाली. कंपनीनं मोकळ्या केलेल्या जगावर कुणीही लिहून तिथं विकू शकतं. निम्मे पैसे लेखकाला, उरलेले कंपनी आणि साइटला. अट अशी की तो माल दुसरीकडं विकायचा नाही. आणि कोणतं जग मोकळं करायचं, हे कंपनी ठरवणार.

त्याच वर्षी रेव्हनलॉफ्टवरचं ‘कर्स ऑफ स्ट्राड’ आलं. पुढं २०१९ मध्ये एबेरॉन, २०२२ मध्ये स्पेलजॅमर आणि ड्रॅगनलान्स, २०२३ मध्ये प्लेनस्केप परत आलं. २०२४ च्या सूत्रधाराच्या पुस्तकात नमुना जग म्हणून ग्रेहॉक घेतलं.

पण ही पुनरागमनं बहुतेकदा एका पुस्तकाची किंवा एका संचाची होती. स्पेलजॅमरचा संच ६४-६४ पानांच्या तीन पुस्तकांचा. नव्वदच्या दशकात पुस्तकांची रांग लागायची, आता पाहुण्यासारखी एक भेट. डार्क सनला २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत स्वतःचं पुस्तक मिळालंच नाही. त्या जगात गुलामगिरी मध्यभागी आहे आणि आजच्या काळात ती कशी मांडायची, हा प्रश्न कंपनीला अडचणीचा वाटतो.

आपल्याला काय फरक पडतो?

खेळणाऱ्याला फारसा नाही. तीस वर्षांपूर्वीचं पुस्तक आजही टेबलावर चालतं. त्याला कुठलं अपडेट लागत नाही, सर्व्हर बंद व्हायची भीती नाही.

फरक पडतो लिहिणाऱ्याला. जानेवारी २०२३ मध्ये विझर्ड्स खेळाचं जुनं मोकळं लायसन्स बदलणार, अशी बातमी फुटली आणि चाहते भडकले. शेवटी कंपनीनं माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये दिले. पण मोकळे झाले ते नियम, जगं नाहीत. ‘डार्क सन’ हे नाव, त्यातली शहरं आणि पात्रं आजही कंपनीचीच.

म्हणजे वाड्याची किल्ली मालकाकडं, आणि मालक नसताना दिवा लावला शेजाऱ्यांनी. वीस वर्षं दिवा लावला म्हणून वाडा नावावर होत नाही. त्यामुळं कुठल्याही आवडत्या जगावर लिहायला बसाल, मग ते खेळाचं असो, सिनेमाचं असो की कॉमिकचं, आधी एवढं बघा : परवानगी कशाची आहे, किती दिवसांची आहे आणि ती परत कोण घेऊ शकतं.