क्रूझवर जाताय? पाण्यात उतरण्याआधी घड्याळ बघा

कोचीहून निघालेली प्रवासी बोट सकाळी लक्षद्वीपच्या बेटापाशी येते, पण किनाऱ्याला लागत नाही. प्रवाळाच्या कड्याच्या आतले पाणी उथळ असल्यामुळे मोठी बोट बाहेर खोल पाण्यात थांबते आणि प्रवासी छोट्या होडीत उतरून बेटावर जातात. संध्याकाळी पुन्हा बोटीवर यायचे. मधल्या काही तासांत बेट पाहायचे, जेवायचे, डुंबायचे आणि हौस असेल तर स्कुबा डायव्हिंगही करायचे. किनाऱ्यावर एक फॉर्म पुढे येतो. दमा आहे का? हृदयाचा काही त्रास? कोणती औषधे चालू आहेत? मागे रांग लागलेली असते, मुले घाई करत असतात. मग सगळ्या प्रश्नांपुढे ‘नाही’ लिहून सही होते.

मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझ सुरू झाल्यापासून हा अनुभव मराठी कुटुंबांनाही नवा राहिलेला नाही. चांगल्या प्रशिक्षकाबरोबर, उथळ पाण्यात केलेली पहिली डाइव्ह बहुतेक निरोगी माणसांना काहीही त्रास न होता पार पडते. मात्र क्रूझचे वेळापत्रक घट्ट असते आणि आपले शरीर त्या वेळापत्रकावर चालत नाही. जे काही बिघडते, ते बहुतेक वेळा या दोघांच्या ओढाताणीत बिघडते.

पहिले दहा मीटर

स्कुबाच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात हौशी डाइव्हसाठी त्यात साधी हवाच दाबून भरलेली असते. तिच्यात सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. फरक पडतो तो दाबामुळे. समुद्रसपाटीला आपल्यावर एक वातावरण इतका दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला तो आणखी एका वातावरणाने वाढतो. म्हणजे दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो आणि रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे बंद जागेतल्या हवेचे आकारमान निम्मे होते. वीस मीटरवरून तीस मीटरवर जाताना मात्र दाब तीनवरून चारवर जातो, म्हणजे प्रमाणाने बदल कमी असतो. ‘आम्ही फक्त उथळ पाण्यात जाणार आहोत’ हे म्हणूनच पुरेसे आश्वासन नाही. सर्वात मोठा बदल पहिल्या दहा मीटरमध्येच होतो.

तो आधी जाणवतो कानांना. पडद्यामागच्या पोकळीतली हवा आक्रसते, पडदा आत ओढला जातो आणि कान दुखू लागतो. घसा आणि कान यांना जोडणारी नळी उघडून तिथे हवा पोहोचवली की दुखणे थांबते. त्यासाठी नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच हवा ढकलायची किंवा आवंढा गिळायचा. हे दुखायला लागण्याआधीच, प्रत्येक अर्ध्या-एक मीटरला करावे. कान मोकळा होत नसेल तर थोडे वर यावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. जोर लावून खाली जात राहिले तर पडदा फाटू शकतो, आतल्या कानालाही इजा होते.

दुसरा धोका वर येताना असतो आणि तो जास्त गंभीर असतो. दहा मीटरवर छाती भरून घेतलेला श्वास रोखून कोणी वर आले, तर फुप्फुसातली हवा दुपटीने फुगू पाहते. फुप्फुसाच्या नाजूक पिशव्या फाटून हवा रक्तात शिरली, तर तिचे बुडबुडे थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतात. यासाठी फार खोलीही लागत नाही. भरल्या छातीने दीडेक मीटरवरून वर येतानाही असे घडू शकते. म्हणून स्कुबाचा पहिला नियम असा : श्वास कधीही रोखायचा नाही, संथपणे घेत-सोडत राहायचे. घाबरलेला माणूस नेमका श्वास रोखतो आणि वर धाव घेतो. पाण्यात उतरण्याआधी कंबरभर पाण्यात रेग्युलेटरमधून श्वास घेण्याचा सराव करून घेतात तो यासाठीच. उशीर होतोय म्हणून हा सराव कोणी गुंडाळत असेल, तर आपणच थांबवावे.

गोटी सोडा आणि विमान

गोटी सोड्याची बाटली बंद असते तोवर आत काहीच दिसत नाही. गोटी दाबली, की फसफसून बुडबुडे वर येतात. दाबाखाली विरघळलेला वायू दाब कमी होताच बाहेर पडतो. पाण्याखाली आपल्या रक्तात आणि चरबीत नायट्रोजन असाच विरघळतो. हळू वर आलो तर तो श्वासावाटे निघून जातो. घाई केली तर बुडबुडे तयार होतात आणि सांधे, त्वचा, मज्जारज्जू यांना त्रास देतात. याला डिकम्प्रेशन सिकनेस म्हणतात. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून, टप्प्याटप्प्याने वर येण्याची पद्धत १९०८ मध्ये मांडली. पुढे भारतात स्थायिक झालेले आणि भुवनेश्वरमध्ये निधन पावलेले जे. बी. एस. हाल्डेन हे त्यांचेच चिरंजीव.

डाइव्ह संपली तरी नायट्रोजन लगेच संपत नाही, तो पुढचे कित्येक तास हळूहळू बाहेर पडत असतो. तेवढ्यात आपण विमानात बसलो तर? विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीवरच्या इतका नसतो. तो सुमारे २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो इतका खाली जाऊ शकतो. म्हणजे सोड्याची गोटी पुन्हा दाबल्यासारखेच. म्हणून ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ ही संस्था सांगते, की एकच साधी डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास आणि एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा. उथळ पाण्यातल्या एका डाइव्हनंतर धोका कमी असतो हे खरे, पण तो आणखी कमी करायला फक्त थोडी वाट पाहावी लागते.

इथे क्रूझचा एक फायदाही आहे. रात्रभर आपण समुद्रसपाटीलाच असतो. समजा, शेवटच्या बेटावर दुपारी तीनला पाण्यातून बाहेर आलात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बोट कोचीला लागली, तर १८ तास झाले. दुपारच्या विमानाने मुंबई-पुण्याला येण्यात अडचण नाही. पण सकाळी अगत्ती बेटावर डाइव्ह करून दुपारी तिथल्याच विमानतळावरून निघायचा बेत असेल, तर डाइव्ह सोडा किंवा विमान पुढे ढकला. गोव्याला सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी विमान, हाही बेत चुकीचाच.

डोंगरांनाही हेच लागू. कोचीला उतरून थेट मुन्नार गाठणारे अनेक जण असतात. मुन्नार दीड हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे. सुमारे ६०० मीटरच्या वर जायचे असेल तर विमानाइतकेच तास मोजावेत. तारकर्लीला दुपारी स्कुबा करून त्याच संध्याकाळी आंबोली घाट चढणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

फॉर्म घरीच भरा

पाण्यात शिरल्यावर पायांतले रक्त छातीकडे ढकलले जाते आणि हृदयाकडे एकदम सुमारे अर्धा लीटर जादा रक्त येते. त्यात गार पाणी, अनोळखी उपकरणे आणि धाकधूक. निरोगी हृदय हे सहज पेलते. आतून अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांना ते जड जाते. डायव्हिंगमधल्या मृत्यूंत हृदयविकार हे एक मोठे कारण म्हणून पुन्हा पुन्हा समोर आले आहे. म्हणूनच आंतरराष्ट्रीय आरोग्य-प्रश्नावलीत ४५ वर्षांपुढच्यांना धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि घरातला हृदयविकाराचा इतिहास वेगळा विचारतात.

दमा असेल तर श्वासनळीत हवा अडकू शकते आणि वर येताना ती फुगते. मधुमेहात, विशेषतः इन्सुलिन चालू असताना, साखर उतरली तर पाण्याखाली ते कोणाला कळत नाही. फिट येण्याचा इतिहास, अलीकडे झालेली कानाची, डोळ्याची किंवा छातीची शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांची लेखी परवानगी हवी. गरोदरपणात डाइव्ह करूच नये.

‘हो’ लिहिले म्हणजे डाइव्ह रद्दच, असे नसते. अनेकांना तपासणीनंतर परवानगी मिळते. पण ती बेटावर, रांगेत उभे राहून मिळणार नाही. डॉक्टरांचे पत्र नाही म्हणून परत पाठवले आणि पैसेही गेले, तर चिडचिड होते आणि खोटी सही करण्याचा मोह तिथेच होतो. सहल ठरवतानाच प्रश्नावली मागवून घ्या आणि आपल्या डॉक्टरांसमोर बसून भरा.

बोटीवरच्या सवयी

बोट लागू नये म्हणून घेतलेल्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते. डाइव्हच्या दिवशी त्या चालतील का, हे आधी विचारून घ्या आणि नवी गोळी पाण्यात उतरण्याच्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नका. एसीमुळे सर्दी झाली असेल तर डाइव्ह टाळा. नाक मोकळे करणारे औषध घेऊन उतरलात आणि त्याचा असर पाण्याखाली संपला, तर वर येताना हवा कानात अडकते. आदल्या रात्री पार्टी रंगली, दारू झाली, झोप झाली नाही, तर सकाळी शरीरातले पाणी कमी झालेले असते. अशा वेळी बेटावर जा, पण पाण्याखाली नको.

नंतरचे २४ तास

डाइव्हनंतर सांधे ठणकणे, मुंग्या येणे, अंगावर चट्टे, चक्कर, न झेपणारा थकवा, हातापायांत अशक्तपणा यांपैकी काही जाणवले, तर ‘बोट लागली असेल’ म्हणून झोपून राहू नका. बोटीवरच्या डॉक्टरांकडे जा आणि पहिले वाक्य हेच सांगा : ‘मी आज डाइव्ह केली आहे.’ प्राथमिक उपचार म्हणजे शुद्ध ऑक्सिजन. पुढे गरज पडली तर वाढीव दाबाच्या खास कक्षात उपचार करावे लागतात. कवरत्तीहून कोची सुमारे ४०० किलोमीटर लांब आहे. त्यामुळे लवकर सांगण्याला तिथे फार किंमत आहे.

आणि एक खूण शिकून जा. जमिनीवर अंगठा वर केला की ‘मस्त’ असा अर्थ होतो. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर जायचे आहे’ असा होतो. सगळे ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. अंगठा दाखवला की प्रशिक्षक तुम्हाला सावकाश वर आणतो, कारण विचारत नाही. पैसे भरले आहेत, घरचे फोटो काढत आहेत, म्हणून तो अंगठा आवरू नका. उथळ पाण्यात स्नॉर्केलिंग करूनही मासे दिसतात आणि काचेच्या तळाच्या होडीतून आजी-आजोबांनाही प्रवाळ पाहता येते.