एक रोहिणी, सतरा ठिकाणी

पिंपरी-चिंचवडच्या थेरगावात तारे दिसत नाहीत, असं आपण किती सहज म्हणून टाकतो! डांगे चौकातले दिवे, सोसायट्यांचा लखलखाट, वर धुरकट उजेडाचं झाकण. पण जानेवारीच्या मध्यावर रात्री साडेनऊला गच्चीवर जा आणि मान पूर्ण मागे टाका. डोक्यावर एक केशरी ठिपका ठामपणे दिसेल. तीच रोहिणी! या नावाची रॉकेटं उडाली, उपग्रह फिरला, औषधं उगाळली गेली, पेरणीची घाई झाली आणि घरोघरी बारशी झाली. चला, एकेक रोहिणी मोजू या.

थेट डोईवर

थेरगाव विषुववृत्ताच्या सुमारे १८.६ अंश उत्तरेला आहे आणि रोहिणी खगोलीय विषुववृत्ताच्या १६.५ अंश उत्तरेला. फरक जेमतेम दोन अंशांचा, म्हणजे ओळीने मांडलेल्या चार पूर्णचंद्रांएवढा. त्यामुळे रोज एकदा ती आपल्या जवळजवळ माथ्यावरून जाते. क्षितिजालगतचा धूर आणि दिवे तिच्या आड येत नाहीत, माथ्यावर असताना ती लुकलुकतेही कमी. शोधायची खूण सोपी आहे. मृगाच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण पकडा. त्याची रेघ एकीकडे वाढवली की व्याध, दुसरीकडे वाढवली की रोहिणी. तशाच पुढे सरकलात की कृत्तिकांचा पुंजका.

महाराष्ट्राच्या वयाचा उजेड

रोहिणी आपल्यापासून सुमारे ६५ प्रकाशवर्षं दूर आहे. आज रात्री डोळ्यांत शिरणारा तिचा किरण १ मे १९६० च्या आगेमागे तिथून निघाला. तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतं जन्माला येत होतं आणि एमआयडीसी स्थापन व्हायला दोन वर्षं होती. पिंपरी-चिंचवडची सगळी उद्योगनगरी उभी राहीपर्यंत तो किरण वाटेतच होता!

सूर्याची थोरली बहीण

तिचा व्यास सूर्याच्या सुमारे ४४ पट आहे. गाभ्यातला हायड्रोजन संपल्यावर ती फुगली, पृष्ठभाग थंडावला आणि रंग केशरी झाला. तिचं तापमान सुमारे ३,९०० केल्विन, तर सूर्याचं ५,८०० च्या आसपास. थंड असूनही आकारामुळे ती सूर्याच्या चारशेहून अधिक पट प्रकाश टाकते. कित्येक अब्ज वर्षांनी आपला सूर्यही असाच तांबूस राक्षसी तारा होणार आहे.

नावातच रंग

रोहित म्हणजे तांबडा, रोहिणी म्हणजे तांबडी. तांबड्या गाईलाही संस्कृतात रोहिणीच म्हणतात. 'रुह्' धातूचा अर्थ चढणं, वाढणं, उगवणं. आरोहण आणि अंकुराचं वर येणं याच कुळातलं. अरबांनी तिला 'अल् दबरान', म्हणजे मागून येणारी, असं म्हटलं, कारण ती कृत्तिकांच्या मागोमाग उगवते. इंग्रजीतलं अल्डेबरान त्यातूनच आलं. फ्रान्समधल्या अल्डेबरान नावाच्या कंपनीने नाओ आणि पेपर हे यंत्रमानव घडवले.

आकाशात दोन रोहिणी

तैत्तिरीय संहितेत ज्येष्ठा नक्षत्रालाही रोहिणी म्हटलं आहे. ज्येष्ठाही तांबडीच! दोघी आकाशाच्या जवळजवळ समोरासमोरच्या टोकांना आहेत. एक मावळायला लागली की दुसरी उगवायच्या बेतात असते.

चंद्राची लाडकी

दक्षाच्या सत्तावीस मुली चंद्राला दिल्या, पण तो रमला रोहिणीपाशीच. बाकीच्यांनी तक्रार केली, दक्षाने क्षयाचा शाप दिला आणि चंद्र झिजू लागला. प्रभास क्षेत्री शिवाची आराधना केल्यावर तो पुन्हा भरू लागला. तेच सोमनाथ. या कथेमागे बघणाऱ्यांची तीक्ष्ण नजर आहे. चंद्र आपल्या मार्गावर खरोखरच अधूनमधून रोहिणीला झाकून टाकतो. याला पिधान म्हणतात. २०१५ ते २०१८ या काळात अशी पिधानांची मालिकाच लागली होती, आता पुढची २०३३ मध्ये सुरू होईल. एवढं प्रेम असूनही तिच्या नावाचा महिना मात्र नाही. कृत्तिकेचा कार्तिक, मृगशीर्षाचा मार्गशीर्ष, आणि मधली रोहिणी तशीच राहिली!

रोहिणीचा गाडा

रोहिणीजवळचे तारे इंग्रजी 'व्ही'सारखे दिसतात. आपल्या पूर्वजांना त्यात बैलगाडी दिसली, म्हणून नाव पडलं रोहिणीशकट. शनी हा गाडा भेदून गेला तर बारा वर्षं दुष्काळ पडेल, या भयाने दशरथाने शनीला अडवलं, अशी पुराणकथा आहे. गंमत म्हणजे रोहिणी त्या गाड्यातली नाहीच. बाकीचे तारे सुमारे १५० प्रकाशवर्षांवर आहेत. ही निम्म्याहून कमी अंतरावर, फक्त आपल्या नजरेच्या वाटेत उभी आहे.

नक्षत्र लागलं की तारा गायब

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि ७-८ जूनला मृग लागतो. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत पाळी करणारा माणूस या दिवसांत गावाकडे फोन लावून हमखास विचारतो, "रोहिण्या बरसल्या का?" वळवाच्या त्या सरींनी जमीन नांगराखाली मऊ येते, पेरणीची जुळवाजुळव होते. पण या पंधरवड्यात रोहिणीचा तारा शोधू नका. सूर्यच तिच्याजवळ बसलेला असतो, त्यामुळे ती दिवसाच्या उजेडात बुडून जाते. पाऊस तिच्या नावाचा, पण ती स्वतः पडद्याआड!

७५ मिलिमीटरची झेप

२० नोव्हेंबर १९६७. केरळातल्या थुंबाहून आरएच-७५ हे छोटं रॉकेट उडालं. 'आरएच' म्हणजे रोहिणी आणि ७५ म्हणजे मिलिमीटरमधला व्यास. मनगटाहून थोडं जाड एवढंच, पण भारताने स्वतः बनवलेलं! पुढे आरएच-२००, आरएच-३००, आरएच-५६० अशी भावंडं आली. त्यातल्या आरएच-२०० ने नोव्हेंबर २०२२ मध्ये सलग दोनशेवं यशस्वी उड्डाण केलं. वाढणारी, चढणारी हा अर्थ इतका चपखल कुठे बसणार?

आपल्या खांद्यावरून गेलेली रोहिणी

१० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण फसलं. अकरा महिन्यांनी, १८ जुलै १९८० ला, त्याच जातीच्या रॉकेटाने ३५ किलोंची 'रोहिणी' कक्षेत सोडली. स्वतःच्या रॉकेटाने उपग्रह सोडणाऱ्या मोजक्या देशांच्या पंगतीत भारत बसला. प्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. अब्दुल कलाम आणि तेव्हा विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते आपले डॉ. वसंत गोवारीकर. घन इंधनाचा पाया घालणाऱ्या याच माणसाने पुढे मान्सूनच्या अंदाजाचं सोळा घटकांचं प्रारूप उभं केलं. म्हणजे रोहिणीचं रॉकेट आणि रोहिणीनंतरचा पाऊस, दोन्हींवर एकाच मराठी माणसाची मोहोर!

झटपट रोहिण्या

• हिरड्याच्या सात जातींपैकी गोल फळाची जात म्हणजे रोहिणी.
• ताप-काविळीवरच्या काढ्यातली कडूजहर कुटकी म्हणजे कटुरोहिणी.
• सुश्रुताने घशाच्या एका भयंकर रोगालाही रोहिणी म्हटलं. आज त्याची सांगड घटसर्पाशी घालतात.
• बलरामाची आई रोहिणी, म्हणून तो रौहिणेय. अमरकोशात बुध ग्रहालाही हेच नाव आहे.
• कृष्णाचं जन्मनक्षत्रही रोहिणीच.
• दिल्लीत तर रोहिणी नावाची अख्खी उपनगरी आहे.

नऊ वर्षांची रोहिणी

हे नाव एके काळी दुखरंही होतं. धर्मशास्त्रात आठ वर्षांची मुलगी गौरी आणि नऊ वर्षांची रोहिणी, अशी कन्यादानाच्या हिशेबातली नावं होती. भातुकलीच्या वयात ती बोहल्यावर चढायची. १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ करायची ठरली, तेव्हा पुण्यात केवढा गदारोळ झाला! याच पुण्याने पुढे त्या नावाचा अर्थ बदलून दाखवला.

पुण्याच्या तीन तारका

रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये पुण्यात 'नृत्यभारती' सुरू केली आणि मराठी मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींच्या पायांत कथकचे घुंगरू मानाने बांधले. पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी यांनी 'गांधी' चित्रपटातली कस्तुरबा अशी उभी केली की १९८३ मध्ये बाफ्टा पुरस्कार त्यांच्याकडे चालत आला. आणि पुण्याच्याच डॉ. रोहिणी गोडबोले! स. प. महाविद्यालयात आणि मग आयआयटी मुंबईत शिकून त्यांनी मूलकणांच्या भौतिकीत जगभर नाव केलं. भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या जीवनकथांचं 'लीलावतीज् डॉटर्स' हे पुस्तक त्यांनी राम रामस्वामी यांच्यासह संपादित केलं. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या गेल्या. रोहिणी म्हणजे वाढणारी, हे या तिघींनी खरं करून दाखवलं.

चाकणच्या रस्त्यावरचे सोयरे

रोहिणी ज्या राशीत आहे ती वृषभ, म्हणजेच टॉरस. चाकणच्या रस्त्याने धुरळा उडवत जाणारा दहा चाकांचा ट्रक आपण ज्या नावाने ओळखतो, तेच हे नाव! याच राशीत खेकडा तेजोमेघ आहे आणि त्याच्या पोटात सेकंदाला सुमारे तीस गिरक्या घेणारा एक पल्सर, म्हणजे स्पंदक तारा. पल्सर नावाची मोटरसायकल २००१ पासून रस्त्यावर आहे आणि ती घडते चाकणमध्ये. तोच पुणे-नाशिक रस्ता धरून नारायणगावापर्यंत गेलात की जवळच खोडद लागतं. तिथे आणि आसपास पसरलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस महाकाय अँटेना खऱ्या पल्सरांचा वेध घेतात. एकाच हमरस्त्यावर दोन्ही पल्सर!

तिकडे निघालेला पाहुणा

२ मार्च १९७२ ला सुटलेलं पायोनियर-१० हे यान आता ढोबळमानाने रोहिणीच्याच दिशेने चाललं आहे. पोहोचायला वीस लाख वर्षांहून जास्त लागतील. त्यावरच्या धातूच्या पाटीवर एका पुरुषाची आणि एका बाईची आकृती कोरलेली आहे. पुरुषाचा एक हात अभिवादनासाठी वर आहे, बाईचे दोन्ही हात खाली.

तुमच्या कारखान्यातल्या लाइनवर, सोसायटीत, शाळेत एखादी रोहिणी नक्की असेल. तिला येत्या थंडीत गच्चीवर बोलवा आणि म्हणा, "मान वर कर. ती बघ, तू!" आपण तारे विसरलो असू, पण बारशाला आत्याबाईने कानात सांगितलेल्या नावातून तो तारा आजही आपल्या घरात आहे. त्याच्याकडे एकदा बघायचं तेवढं राहिलं आहे.