नवगावपासून सुरू व्हावी अशी यात्रा

मुंबईतली ज्यू वारशाची सहल बहुतेक वेळा काळा घोड्याजवळच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगपासून सुरू होते. वर्षानुवर्षं निळ्या रंगामुळे ओळखली गेलेली ही १८८४ ची इमारत देखणी आहे. रंगीत काचांतून आत येणारा प्रकाश आहे, खांब आहेत आणि २०१९ मध्ये जीर्णोद्धार झाल्यापासून तिचं रूप पुन्हा खुललं आहे. तिथून भायखळा, मग ससून डॉक, डेव्हिड ससून लायब्ररी असा फेरफटका होतो आणि बगदादहून आलेल्या एका धनाढ्य घराण्याची गोष्ट ऐकून लोक घरी परततात. गोष्ट खरीच आहे. पण महाराष्ट्रातल्या ज्यूंचा इतिहास तिथे सुरू होत नाही. डेव्हिड ससून मुंबईत आले १८३० च्या दशकात. तोवर बेने इस्राएल समाज कोकणात कित्येक पिढ्या घाण्यावर तेल गाळत होता, भातशेती करत होता आणि मराठी बोलत होता. म्हणून मला वाटतं, ही यात्रा गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरून सुरू करावी आणि पहिला मुक्काम नवगावला असावा.

नवगाव किहीमच्या दक्षिणेला, समुद्राला लागून आहे. परंपरा सांगते, की चौल बंदराकडे निघालेलं एक गलबत या किनाऱ्याजवळ खडकावर फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीचे बुडाले. किनाऱ्याला लागलेली प्रेतं इथे पुरली गेली. पुरुषांचा एक उंचवटा आणि स्त्रियांचा एक, असं समाजातले लोक आजही दाखवतात. आसपास नाव नसलेल्या जुन्या कबरी आहेत. आता तिथे स्मारकही उभं आहे. पण कुणी सांगणारं सोबत नसेल तर पाहणाऱ्याला दिसतं ते माती, गवत आणि पलीकडची नारळी-पोफळी. कोकणातल्या ज्यू वारशाचं हेच वैशिष्ट्य आहे. इथे दगडी भव्यता थोडी, सांगण्यासारखं मात्र पुष्कळ. वाटाड्या चांगला नसेल तर माणूस नुसती समुद्राची हवा खाऊन परत येईल.

गलबत कधी फुटलं? हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी बेने इस्राएलांचा पहिला मोठा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत लिहिला, तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवमध्ये. त्यांनी हा काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात नेऊन ठेवला. त्यांचा एक युक्तिवाद मला फार हुशारीचा वाटतो. बेने इस्राएलांना हनुक्का हा दिव्यांचा सण पूर्वी ठाऊक नव्हता. हा सण ज्या घटनेची आठवण म्हणून पाळतात ती इसवी सनापूर्वी १६० च्या दशकातली. म्हणजे आपले पूर्वज त्याआधीच मायदेश सोडून निघाले असणार, असं ते मांडतात. सगळ्या अभ्यासकांना हे पटत नाही. काहींच्या मते ते बरंच नंतर आले. इसवी सन १२०० च्या सुमाराला मैमोनिडीस या ज्यू धर्मपंडिताने एका पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंचा उल्लेख केला आहे, की त्यांना शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, आणि सुंता यापलीकडे धर्माचं फारसं ज्ञान नाही. तो रोख कोकणाकडे असावा असं अनेकांना वाटतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि स्थानिक भारतीयांचा असा दोन्ही वारसा आढळला. तारीख कोणतीही धरा, वाचलेल्यांच्या वंशजांनी या मातीत मूळ धरलं एवढं नक्की.

गावोगावी ते तेलाचे घाणे चालवत. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून आसपासच्या लोकांनी त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’. या नावात त्यांच्या टिकण्याचं सारं गुपित आहे. पोथ्या समुद्रात गेल्या, हिब्रू विस्मरणात गेली. उरलं ते आठवड्यातून एक दिवस काम न करणं, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खवल्यांचेच मासे खाणं, काही सण-उपास आणि ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना. जन्म असो, लग्न असो, मरण असो, तेवढी एकच प्रार्थना म्हणायची. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा एक ज्यू गृहस्थ इकडे आला. त्याने परीक्षा म्हणून इथल्या बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि त्यांनी खवले-पर असलेले तेवढे निवडून बाजूला काढले, तेव्हा त्याची खात्री पटली, अशी गोष्ट घराघरांत सांगतात. राहाबीचा काळ कोणता यावर वाद आहे. पण त्याने तिघांना शिकवून तयार केलं आणि त्यांच्या वंशजांकडे काजीपण, म्हणजे धार्मिक पुढारपण, चालत आलं, ही आठवण पक्की आहे. जुन्या सणांची नावं ऐकावीत: खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक म्हणून धरलेला उपास वालाच्या बिरड्यांनी सोडायचा, हे कोकणातच घडू शकतं.

प्रवासाचा नकाशा हवा असेल तर आडनावं वाचावीत. किहीमचे केहिमकर, नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर, अष्टमीचे अष्टमकर, राजपुरीचे राजपुरकर, थळचे थळकर. ‘बूट पॉलिश’मधला जॉन चाचा आठवतो? ते डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे आपलं चौल. स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेत आयुष्य घालवणाऱ्या, मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झालेल्या आणि १९६६ मध्ये पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांचं आडनाव अलिबागजवळच्या झिराडचं. इस्रायलमध्ये जन्मलेली, मराठी तुटक बोलणारी नातवंडं आज इकडे येतात तेव्हा पुष्कळदा हातात पत्ता नसतो, आडनाव असतं. तेवढ्यावर गाव सापडतं.

अलिबागच्या इस्राएल आळीत मागेन आबोथ सिनेगॉग आहे. पहिली वास्तू १८४८ ची, आजची १९१० ची. आत शिरताना डोकं झाकायचं, पुरुषांनीही. मधोमध कठड्याचा चौथरा, त्यावर उभं राहून हाझान प्रार्थना म्हणतो. पश्चिमेच्या भिंतीत पडद्याआड कपाट, त्याला हेखाल म्हणतात. जेरुसलेम आपल्या पश्चिमेला, म्हणून तोंड तिकडे. त्या कपाटात सेफेर तोरा, म्हणजे हाताने लिहिलेल्या चर्मपत्राच्या गुंडाळ्या. वर तेलाचा दिवा, तो अखंड तेवता ठेवायचा असतो. एक रिकामी खुर्ची दिसेल. ती एलियाहू हनाबीची, म्हणजे एलिया प्रेषिताची. सुंतेच्या वेळी तो स्वतः हजर असतो अशी श्रद्धा आहे. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्याला मिनियन म्हणतात. रेवदंडा, पेण, पनवेल, बोर्ली, म्हसळा, अष्टमी, रायगड जिल्ह्यात जिथे जिथे सिनेगॉग आहेत तिथला कळीचा प्रश्न हा दहा माणसांचा आहे. भिंतींची डागडुजी देणग्यांतून होते, माणसं कुठून आणायची? मोठ्या सणांना मुंबई-ठाण्याहून कुटुंबं येतात तेव्हा कुठे दहाचा आकडा पुरा होतो.

या संपूर्ण प्रवासात मला सगळ्यात जवळची वाटते ती जागा सिनेगॉग नाहीच. अलिबागजवळ खंडाळ्याच्या परिसरात सागावला उघड्यावर एक कातळ आहे. त्याला ‘एलियाहू हनाबीचा टापा’ म्हणतात. प्रेषित अग्निरथातून स्वर्गात गेला ही बायबलमधली कथा. कोकणातल्या श्रद्धेप्रमाणे तो रथ इथे टेकला होता आणि कातळावरच्या खुणा त्या रथाच्या चाकांच्या नि घोड्यांच्या टापांच्या. लोक इथे नवस बोलतात, मेणबत्त्या लावतात आणि फेडायला पुन्हा येतात. झाडांचं नववर्ष म्हणून ज्यू पंचांगात असलेला तू बिश्वात हा दिवस जानेवारी-फेब्रुवारीत येतो. जगभर तो फळं खाऊन साजरा करतात, बेने इस्राएल त्या दिवशी एलियाहू हनाबीचं स्मरण करतात.

नवस फेडायचा तो मलिद्याने. लग्नाआधी, नव्या घरात राहायला जाताना, परदेशी निघताना, आजारातून उठल्यावर मलिदा होतोच. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओल्या नारळाचा चव, वेलची, वर बदाम-बेदाणे. भोवती फळं मांडायची आणि सब्ज्याची हिरवी डहाळी ठेवायची. ‘एलियाहू हनाबी’ हे हिब्रू गाणं सगळे मिळून म्हणतात. मग आशीर्वचनं, आणि तीही नेमकी: झाडाच्या फळाचं निराळं, जमिनीतून येणाऱ्याचं निराळं, सुवासाचं निराळं. केळं झाडाच्या फळांत बसत नाही, ते जमिनीच्या फळांत जातं. खोडाला लाकूड नसतं आणि दरवर्षी नवा कोंब येतो, म्हणून. शास्त्र मध्यपूर्वेचं, ताट कोकणचं. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही ज्यू समाजात हा विधी अशा रूपात नाही. मलिदा पाहिल्याखेरीज या यात्रेतलं मर्म कळलं असं मी म्हणणार नाही.

मुंबईत परतल्यावर मशीद बंदर गाठावं. अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्राएल कोकणातून मुंबईत येऊ लागले आणि कंपनी सरकारच्या पलटणींत भरती झाले. त्यातले सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. सुटून आले आणि १७९६ मध्ये त्यांनी ‘शाआर हाराहामिम’ म्हणजे ‘दयेचं द्वार’ हे मुंबईतलं पहिलं सिनेगॉग उभारलं. सध्याची वास्तू नंतरची आहे. समाजातले लोक तिला ‘जुनी मशीद’ म्हणत आले आहेत आणि मशीद स्टेशनचं नाव याच वास्तूवरून पडलं असं अभिमानाने सांगतात. याच भागातल्या सॅम्युएल स्ट्रीटला दिवेकरांचं नाव आहे.

इथे थांबून वाटाड्याने पुस्तकांची गोष्ट सांगावी, कारण ती इमारतींत दिसत नाही. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू व्याकरण मराठीत छापलं. हेतू धर्मप्रसाराचा होता. ख्रिस्ती झाले फार थोडे, हिब्रू मात्र पुष्कळांनी शिकून घेतली. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचायची हागादा मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर निघाली. पुढे जोसेफ इझिकेल राजपुरकर यांनी एकामागून एक प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. १८८० च्या सुमारास समाजातल्या मंडळींनी कीर्तनाची परंपरा सुरू केली. साकी, दिंडी, ओवी सारं काही तेच, आख्यान मात्र अब्राहाम, योसेफ किंवा मोशेचं. मराठी संतपरंपरेची रीत एका निराळ्या धर्माने इतक्या प्रेमाने आपलीशी केली, याची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

बगदादी ज्यूंच्या वास्तूंकडे आता वळावं. भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग, शेजारी ससूनांच्या नावाच्या शाळा, जिथे आज बहुसंख्य विद्यार्थी मुसलमान आहेत. पुण्यात १८६७ चं ओहेल डेव्हिड, पुणेकरांचं लाल देऊळ, उंच मनोऱ्याचं आणि आवारात खुद्द डेव्हिड ससून यांची समाधी असलेलं. हे सगळं पाहावं, पण एक बाब झाकू नये. १८३६ मध्ये बगदादी मंडळींनी दफनभूमीत आपल्या आणि बेने इस्राएलांच्या कबरींमध्ये भिंत घालावी अशी मागणी केली होती. तेलघाण्यावरच्या मराठी धर्मबंधूंना बरोबरीचं मानायला ते तयार नव्हते.

हीच वागणूक पुढे दुसऱ्या देशात वाट्याला आली. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल इस्रायलला गेले, डिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा इथे वसले. १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नसंबंधांवर पूर्वजांच्या चौकशीची अट घातली. ज्या देशासाठी घरदार विकून आलो तिथे ज्यू असल्याचा दाखला द्यायचा? समाज रस्त्यावर उतरला, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरलं आणि ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. भारतात मात्र त्यांना कुणी धर्मासाठी छळलं नाही, हे ते स्वतः पुन्हा पुन्हा सांगतात. इस्रायलमध्ये त्यांचं ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघतं. आज देशभरात सगळे ज्यू मिळून पाच हजारांच्या आतच उरले आहेत. महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला तो २०१६ मध्ये.

जायचं असेल तर काही गोष्टी आधी माहीत असाव्यात. शनिवार आणि सणाचे दिवस पर्यटनासाठी टाळावेत. नोव्हेंबर २००८ मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला तेव्हापासून मुंबईतल्या सिनेगॉगबाहेर पोलीस असतात, ओळखपत्र लागतं, फोटोला परवानगी विचारावी लागते. कोकणात किल्ली एखाद्या घरी असते, म्हणून आधी कळवून जावं. नवगावच्या कबरींवरून चालू नये. टोपी किंवा रुमाल जवळ ठेवावा. तू बिश्वातच्या सुमाराला निघालात तर सागावच्या टाप्यावर कुटुंबं आलेली असतात, मलिद्याचं ताट मांडलेलं असतं आणि पाहुण्याला द्रोण दिल्याशिवाय ती जाऊ देत नाहीत.