प्रवाह अंतःक्षेपण विश्लेषणात विसरणाचे कार्य
रूझिच्का व हॅन्सन यांनी १९७५ मध्ये डेन्मार्कमध्ये मांडलेल्या या पद्धतीत बारीक नळीतील वाहत्या द्रवात नमुना सोडतात. नळीच्या मध्याशी वेग सरासरीच्या दुप्पट, तर भिंतीशी शून्य असल्याने नमुना लांबत जातो. विसरणामुळे तो आणखी पसरेल, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात मध्य व भिंत यांदरम्यान रेणूंची आडवी ये-जा होऊन हे लांबणे आवरले जाते, जी. आय. टेलर यांनी हे १९५३ मध्येच दाखविले होते. ०.५ मिमी व्यासाच्या सरळ नळीत या ये-जेचा पूर्ण परिणाम होण्यास मिनिटभर लागू शकते. मापन बहुधा त्याआधीच उरकते. त्यातच विसरणाचा वेग तापमानानुसार वाढतो व शिखराची उंची बदलते. म्हणून वैरागच्या उन्हाळ्यात, वातानुकूलन नसलेल्या प्रयोगशाळेत विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट मोजताना सकाळचा कॅलिब्रेशन आलेख दुपारच्या नमुन्यांस लावू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.